मोडीचं एआय-लिप्यंतर परत परत गंडतंय? टूल बदलायच्या आधी हे बघा

मंडळी, तीच तक्रार फिरून फिरून येतेय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागातल्या जुन्या मराठी घरांतून जे रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) निघतायत त्यांचे स्कॅन करायचे, एआयकडून मोडीचं देवनागरी करून घ्यायचं आणि मग स्वयंसेवकांनी तपासून फायनल करायचं, अशी आपली पद्धत. बोलायला झकास. प्रत्यक्षात होतं काय, तर मजकूर एकदम गुळगुळीत येतो, तपासणारा दोन मिनिटांत ओके टाकतो, आणि पुढे कधीतरी मोडी जाणणारं माणूस मूळ कागद हातात घेतं तर तारीख शंभर वर्षं मागे, रकमेतले आणे गायब आणि मधल्या दोन ओळी मुळात कागदावर नाहीतच. की परत पहिल्यापासून. मग कोणी म्हणतं टूल बदला, कोणी म्हणतं पैसे भरून मोठं व्हर्जन घ्या. टूल बदलून झालं, पैसेही भरून झाले. दुसऱ्या टूलची थाप वेगळी असते, एवढाच फरक.

गोची टूलमध्ये कमी आणि कामाच्या क्रमात जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला) वाचता आलं नाही की तो कचरा द्यायचा, आणि कचरा दिसायचा तरी. हे चॅटवालं एआय अडलं की थांबत नाही, पुढे काय असायला हवं ते आपल्या मनाने लिहितं. आणि मराठी पत्रांत तर ठरलेली वाक्यं किती, बघा ना: विनंती उपरी येथील क्षेम तागायत अमुक तारीख जाणून स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे, मग विशेष, शेवटी बहुत काय लिहिणे, हे विनंती. छापील पत्रसंग्रहांतून हे सगळं त्याच्या पोटात आधीच गेलेलं असणार, त्यामुळे कागदाला भोक दिसलं की त्यात हे वाक्य टाकून मोकळं.

एक कागद डोळ्यासमोर आणा. उजवीकडचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला, शेवटच्या दोन ओळींचा फक्त वरचा भाग उरलाय, म्हणजे शिरोरेघ आहे आणि तिला लटकलेले अक्षरांचे तुकडे, एखाद्या वेलांटीचा फराटा. आमच्यातल्या एका काकांनी भिंग लावून बघितलं आणि सरळ सांगितलं, इथे तीनच अक्षरं लागतायत, बाकी वाचू नका. एआयने त्या जागी पूर्ण दोन ओळी दिल्या होत्या, लोभ असो द्यावा वगैरे, शुद्ध आणि प्रेमळ. खरं तर आधीच्या मजकुरावरून ते पत्र थकबाकीच्या वसुलीचं होतं, चांगलं दमात घेतलेलं, तिथे लोभ कुठून येणार! पण तपासणाऱ्याला खटकलं नाही कारण वाक्य ओळखीचं होतं. हाच सगळ्या दुखण्याचा नमुना. चूक ओळखीच्या कपड्यात येते.

आता काय करायचं. पहिलं, पूर्ण कागदाचा एक फोटो टाकणं बंद करा. आपले कागद लांबच लांब, एकाला एक चिकटवलेले, आणि बहुतेक एआय मोठं चित्र आत घेताना लहान करून घेतात, त्यामुळे तुम्ही ३०० डीपीआयला केलेला सुंदर स्कॅन त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा अक्षरं मुंगीएवढी झालेली असतात. आठ-दहा ओळींच्या पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टीत आधीच्या पट्टीची शेवटची ओळ परत येऊ द्या म्हणजे सांध्यावरची ओळ गळत नाही. समासात आडवं लिहिलेलं असेल तर त्याची पट्टी वेगळी आणि सरळ फिरवून, नाहीतर ते मधेच कुठेतरी घुसडलं जातं. मागची शाई पुढे उमटली असेल तर पाठपोट दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी ठेवून बघा, भुताटकी कुठली ते कळतं.

दुसरं, ओळी मोजा. चित्रात किती, मजकुरात किती. यासाठी मोडी यायची गरजच नाही, घरातला सातवीतला मुलगा करू शकतो, आणि सगळ्यात जास्त गफलती इथेच पकडल्या जातात. एआयला सांगताना ओळीनिहाय आणि ओळ क्रमांकासकट मागा, फाटलं असेल तिथे [फाटले] लिही, लागत नसेल तिथे तितके टिंब टाक असं सांगा. तो नेहमी ऐकेल असं नाही, पण ओळ क्रमांक दिले की निदान कुठे हात मारलाय ते सापडतं.

तिसरं म्हणजे दोनदा वाचून घ्या, एकदा सरळ आणि एकदा पट्ट्या उलट्या क्रमाने, दरवेळी कोरं नवीन चॅट उघडून. उलट्या क्रमाने दिलं की मागच्या वाक्यावर स्वार होऊन पुढचं ठोकून द्यायची सोय राहत नाही. दोन्ही मजकूर कुठल्याही तुलना करणाऱ्या टूलमध्ये शेजारी टाका, जिथे फरक पडला तिथे अंदाज आहे असं धरून चाला. दोन्हींत सारखं आलं म्हणजे बरोबरच असं मात्र धरू नका, ओळखीची वाक्यं दोन्ही वेळा सारखीच चुकीची येतात. आणि कृपा करून त्याला खात्री आहे का असं विचारत बसू नका, ते माफी मागतं आणि तिसरंच काहीतरी देतं.

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेत, हे पत्र गायकवाडांचं आहे, साधारण १८०५ चं आहे, असं आधीच सांगायची काहींना फार हौस. मग तो सगळीकडे त्या काळचे राजे आनंदराव गायकवाड आणि इंग्रज शोधायला लागतो आणि त्याला ते सापडतातही. पहिल्या फेरीत काही सांगू नका. परगण्यांची यादी, माणसांची नावं हे सगळं दुसऱ्या फेरीत द्या आणि तेही फक्त शंका असलेल्या शब्दांसाठी.

तारखा. इथे जरा बैठक मारू कारण बडोद्याच्या कागदात एकाच रुमालात शके, संवत, फसली, इसवी आणि सुहूर सन असे सगळ्या कालगणनांचे पाहुणे भेटतात. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, आधी एकं मग दहं मग शेकडा: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, आणि पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. आता सबा आणि सबैन, समान आणि समानीन यांत किती फरक आहे ते बघा, आणि बोरूने घाईत लिहिलेलं, शब्द तोडलेले नाहीत. इसवी काढायचं असेल तर जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००, कारण हे साल मृगाला सुरू होतं. ताळा हवा असेल तर पानिपत घ्या: जानेवारी १७६१, सुहूर ११६१, म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ. बरोबर बसतं.

आमच्याकडे जे परत परत होतं ते असं: कागदावर खमस मयातैन व अलफ, म्हणजे १२०५, म्हणजे जून १८०४ ते मे १८०५. एआय मयातैनचं शेपूट खातं आणि मया करून टाकतं. झालं ११०५, म्हणजे १७०४-०५. त्या काळात बडोद्यात गायकवाडांचा पत्ताच नव्हता, शहर कायमचं त्यांच्याकडे आलं १७३४ ला. तरीसुद्धा तो आकडा आपल्या नोंदींच्या शीटमध्ये शांतपणे बसून राहतो कारण आकडा दिसायला आकड्यासारखाच असतो. म्हणून शीटमध्ये दोन कॉलम ठेवा, एकात कागदावरचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात काढलेलं इसवी साल, आणि हे गणित माणसानेच करायचं, एआयने काढलेलं साल घ्यायचं नाही. १७३४ च्या आधीचं साल बडोद्याच्या दरबारी कागदावर निघालं की सेल लाल करा.

महिन्याच्या आधी येणारा छ, म्हणजे चंद्र, हा त्याला डाग वाटतो की काय कोण जाणे, बऱ्याचदा गाळलेला असतो. रबिलावल आणि रबिलाखर, जमादिलावल आणि जमादिलाखर या मुसलमानी महिन्यांची अदलाबदल तर रोजची. आणि छ ११ सवाल (सवाल हाही महिनाच, शव्वाल) चा आधुनिक मराठीत सारांश मागितला तर पत्रात अकरा प्रश्न विचारले आहेत असं उत्तर आलेलं मी स्वतः वाचलंय. संवताचंही लक्षात ठेवा, गुजरातेतला संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे संवत काढायला चैत्र ते आश्विन शके सालात १३४ मिळवायचे आणि कार्तिक ते फाल्गुन १३५. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींनी हे आपल्या कागदांना लावू नये, तिकडे संवत चैत्रात बदलतो आणि १३५ वर्षभर चालतात.

आता पैसे. पाव रुपया म्हणजे चार आणे एक उभी रेघ ।, आठ आणे दोन रेघा ॥, बारा आणे तीन ॥।. मशीनला रेघ म्हणजे पूर्णविराम वाटतो, किंवा एकचा आकडा. म्हणून ४२॥। चं कधी नुसतं ४२ होतं आणि कधी ४२१११. उपाय सोपा आहे, बेरीज करा. समजा तीन नोंदी आहेत ४२॥।, १७॥ आणि ९।, तर खाली ६९॥ हवेत. एआयने रेघा खाल्ल्या तर नोंदींची बेरीज ६८ येते आणि खाली ६९ असतात, लगेच उघडं पडतं. ज्यांना मोडी येत नाही त्यांनी आकडे शिकून घ्यावेत, एका दुपारचं काम आहे, आणि हिशेबाचे कागद तपासायला एवढं पुरतं. सोळा आणे, बारा पै, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी, वीस वश्यांचा बिघा, हे फळ्यावर लिहून ठेवा. रुपयाला बाबाशाही (बडोद्याचं जुनं नाणं) लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्या, ते बाबासाहेब करून त्यांच्या नावावर रक्कम चढवलेली फाइल अजून फोल्डरमध्ये आहे, काढायची राहिलीये.

शब्दांचं म्हणाल तर बडोद्याची अडचण पुणे-साताऱ्यापेक्षा वेगळी आहे. मराठी मोडीत लिहिलेला कागद, पण आतला व्यवहार गुजरातचा, जमिनीच्या हक्कांचे, वसुलीचे, अंमलदारांचे शब्द तिकडचे: पसायता, वांटा, गिरास, घासदाणा, मजमुदार, अमीन. एआयला हे शब्द ऐकून माहीत नाहीत, तो जवळचा मराठी शब्द शोधतो. पसायत्याची जमीन पसायदान झाली, वांट्याचा वाटा झाला, सेनाखासखेल समशेरबहाद्दर या गायकवाडांच्या किताबातला खेल चक्क खेळ झाला. त्यात मोडीत शिरोरेघ आधी आखून घेऊन अक्षरं सलग लिहीत जायची पद्धत, शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाही, अनुस्वार कधी असतो कधी नसतो. म्हणजे शब्द कुठे तोडायचा हेच मुळात वाचणाऱ्याने ठरवायचं असतं. शंकेच्या शब्दाला गुजरातीत काही अर्थ लागतो का ते आधी बघा, घरात शेजारी गुजराती बोलणारे आहेतच, विचारा. कारभाराच्या शब्दांसाठी सयाजीरावांच्या काळात इथेच निघालेला १९३१ चा सयाजी शासन शब्द कल्पतरू हाताशी ठेवा, आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी आहेत. तो उत्तरकाळातला आहे, १८०० च्या आसपासचं सगळं त्यात मिळणार नाही, पण गुजराती आणि मराठी कचेरीभाषा एकत्र बघायला दुसरं इतकं सोयीचं काही माझ्या तरी माहितीत नाही.

संक्षेपांवर दोन काने असतात, राा, पाा, ताा. एआय ते परस्पर उलगडून देतं, पाा चं कधी परगणे कधी पैकी. उलगडू देऊ नका. कागदावर आहे तसं पहिल्या कॉलममध्ये, उलगडा दुसऱ्यात. तसंच जाहाले चं झाले, तुह्मी चं तुम्ही, गाइकवाड चं गायकवाड करणं. वाचायला बरं वाटतं हो, पण एकदा का त्याने सुधारायला सुरुवात केली की कुठे वाचलंय आणि कुठे सुधारलंय हे वेगळं काढता येत नाही. मजकुरात एकही जाहाले नसेल आणि सगळं आजच्या पुस्तकी मराठीत असेल तर तो कागद तपासायच्या भानगडीत न पडता सरळ परत वाचायला टाका.

माणसांकडे येऊ. आपल्यात मोडी सराईतपणे वाचणारे मोजकेच, बाकी हौशी, आणि हौशी माणसापुढे तयार मजकूर ठेवला की तो कागद वाचत नाही, मजकूर वाचतो आणि कागदात त्याची साक्ष शोधतो. यात त्याचा दोष नाही, डोळा तसाच चालतो. म्हणून एआयचा मजकूर दाखवायच्या आधी प्रत्येक कागदावरची तारीख, रकमा आणि नावं एवढं माणसाने कोऱ्या शीटमध्ये स्वतः भरायचं. पाच-दहा मिनिटं लागतात. मग मशीनचा मजकूर उघडायचा. दोघांचं जुळलं नाही तर आपल्यातल्या मोडी जाणणाऱ्या काका किंवा काकूंकडे जायचं. आणि जो लिहितो त्याने स्वतःचंच पास करायचं नाही. विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयावर, हा नियम आधीपासून आहे, पान एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याच माणसाने परत तपासलं तरच हिरवं, एकच सदस्य दोन्ही करू शकत नाही. आपल्या शीटलाही तेच तीन रंग लावा, लाल, पिवळा, हिरवा, नवीन काही शोधायला नको. काकूंना शंभर कागद एकदम पाठवून उद्यापर्यंत बघता का म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा, त्यांनाही घर आहे.

स्वतःचं मॉडेल शिकवू या का, हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतो. शिकवता येतं. ट्रान्सक्रिबससारख्या हस्तलिखितं वाचायच्या ऑनलाइन ठिकाणी साधारण ५,००० ते १५,००० शब्दांचं बिनचूक लिप्यंतर दिलं की एका हस्ताक्षरासाठी कामचलाऊ मॉडेल उभं राहतं. पण ते बिनचूक हवं, आणि तेच तर आपल्याकडे नाहीये! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचे हस्तलिखित कागद स्वयंसेवकांकडून उतरवून घ्यायला सुरुवात केली, तिथे प्रत्येक पान पुढे जाणकार तपासायचे, आणि ते तपासलेलं लिप्यंतर नंतर मशीनला शिकवायला कामी आलं. आपण उलटं करायला निघालोय, मशीनचं न तपासलेलं मशीनलाच शिकवायला. आयआयटी रुरकीने २०२५ मध्ये मोडीच्या २,००० हून जास्त प्रतिमांचा देवनागरीसकट संच आणि त्यावरचं मॉडेल पुढे आणलंय, तेही वापरून बघायला हरकत नाही, फक्त वांटा आणि पसायता त्यात किती वेळा आले असतील याचा विचार करून अपेक्षा ठेवा. कोणी पाच टक्के एरर म्हणाला तर हुरळू नका, त्याचा अर्थ दर वीस अक्षरांमागे एक चूक, चाळीस अक्षरांच्या ओळीत दोन. आणि मयातैनचं मया व्हायला एवढं पुरतं.

ज्यांच्या घरचे कागद आहेत त्यांना फुकटच्या ऑनलाइन टूलमध्ये टाकायच्या आधी विचारा, एवढं तरी करा. काही वतनाचे, जमिनीचे वाद अजून चालू आहेत. आणि असा एआयचा मजकूर वकिलाकडे घेऊन जाऊ नका, तिथे मूळ कागद आणि जाणकाराची सही लागते.

राहिली ती फायलींची बोंब. दुरुस्त केलेल्या मजकुरावर कोणीतरी नवीन मॉडेल आलं म्हणून परत सगळं चालवतं आणि हिरवी फाइल पुसली जाते, काकूंनी आठवडाभर लावलेली अक्षरं गेली. मशीनचं फोल्डर वेगळं, माणसाचं वेगळं. मशीनच्या फाइलच्या नावात टूल आणि तारीख टाका, उदाहरणार्थ रुमाल४-कागद१७-एआय-तारीख, आणि माणसाच्या फोल्डरला एडिट करायचा हक्क फक्त तपासणाऱ्या दोघांना द्या, बाकीच्यांना बघायचा. मागची व्हर्जन हवी असेल तर गुगल शीटमध्ये हिस्टरीत सापडते, पण वर्ड फाइल मेलवर फिरवली असेल तर शोधत बसा. ज्यांच्याकडे जुन्या दुरुस्त प्रती पेनड्राइव्हवर पडल्या असतील त्यांनी त्या आहेत त्याच नावाने द्या, नाव बदलू नका, जुळवायचं काम आम्ही करतो.